गॅरेजमधली आईची खोली

मी संशयी आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. अबू धाबीकडच्या अल ऐनमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी इन्शुरन्सचे क्लेम तपासायचे, म्हणजे या स्वभावाचा मला पगारच मिळत होता. एकाच पेशंटचा एकाच दिवशी दोनदा एक्स-रे कशाला, दाढ दुखणाऱ्या माणसाला गुडघ्याचा पट्टा कुणी दिला, असले प्रश्न दिवसभर विचारायचे आणि संध्याकाळी तेच डोकं घेऊन घरी यायचं. ऑफिसचं डोकं ऑफिसात ठेवून येत जा, असं नवरा म्हणायचा. त्याचं बरोबर होतं. पण ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी आमच्या ओळखीत संशय न घेणारं माणूसच उरलं नव्हतं.

आधी मंदीमुळे दुबईतली कामं थांबल्याच्या बातम्या आल्या. त्या आम्ही लांबच्या म्हणून ऐकल्या. मग आमच्याकडे सुरू झालं. नवरा एका कन्सल्टन्सीत इलेक्ट्रिकलची ड्रॉइंग्ज करायचा. तिथला सुट्टीवर गेलेला माणूस परत येईनासा झाला. कुणी टेबलावरचा मुलांचा फोटो घरी नेला की बाकीचे काय ते समजायचे. बिल्डिंगखाली धूळ साचलेली गाडी दिसली की ती कुणाची यावर चर्चा. मराठी मंडळींकडे जेवायला गेलं तर पहिला प्रश्न, "काय, तुमच्याकडे कसं काय?" आणि समोरचा खोटंच बोलणार हे धरून उत्तर ऐकायचं. आमच्यातली एक बाई जुनं कपाट विकते आहे असं कळलं तेव्हा आम्ही तिचं कुटुंब गाशा गुंडाळून निघालं असं ठरवून मोकळ्या झालो. तिनं फक्त नवं कपाट घेतलं होतं.

नवऱ्याची नोकरी टिकली. पगार एक चतुर्थांश कमी झाला आणि काम जवळजवळ संपलंच. तो तीन वाजता घरी यायला लागला. पहिले काही दिवस मला त्याचाही संशय आला, मग त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोकडून मी खात्री करून घेतली.

त्याच सुमारास पुण्याला माझी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. आई माझ्या भावाकडे राहायची. मी दहा दिवस जाऊन आले. त्या दहा दिवसांत वहिनी आईशी इतकी चांगली वागली की माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं चांगलं रोज कोण वागतं? मी आहे म्हणून हा सगळा देखावा, असं मी मनात पक्कं करून परत आले.

दर शुक्रवारी मी आईला फोन करायचे. पूर्वी आई अर्धा तास बोलायची. आता, "बरी आहे. जेवले. हो. ठेवते," एवढंच. एकदा मी हळूच विचारलं, "आई, ती तिथंच उभी आहे का गं?" आई म्हणाली, "हो, इथंच आहे." झालं. यापुढे मला कुठल्या पुराव्याची गरज नव्हती. आईला धड बोलूही देत नाहीत, असं मी त्या रात्री जेवताना जाहीर केलं आणि आई आता आपल्याकडेच राहील हेही त्याच दमात सांगून टाकलं. नवरा म्हणाला, चालेल. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बघू. माझी आई कुणाला भार नको म्हणून नेहमीच बघू म्हणते, तेव्हा ते मी हो धरलं.

अडचण घराची होती. आमचा व्हिला जुना, दोन्ही बेडरूम वरच्या मजल्यावर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला एक बाथरूम. त्या बाथरूमला लागून गॅरेज, मधे दार. गाडी आम्ही कायम बाहेर सावलीत लावायचो. गॅरेजमध्ये सुटकेसा, मुलीची जुनी सायकल आणि पाली. वॉकरवरच्या बाईला जिना चढता येणार नव्हता. म्हणजे गॅरेजचीच खोली करायची.

घरमालक म्हातारे अरब गृहस्थ होते. परवानगी मागायला गेलो तर त्यांनी आधी चहा पाजला, मग विचारलं की किती माणसं राहणार. एक, माझी आई. ते हसले आणि म्हणाले, "नो बॅचलर्स. वुमन, ओके. यू गो, यू रिमूव्ह, खलास." तेव्हा लोक व्हिलात पार्टिशनं टाकून खोल्या भाड्यानं देत होते आणि घरमालकांना त्याचा ताप होत होता. आम्ही तसले नाही हे आम्ही पुन्हापुन्हा सांगितलं. तरी काम सुरू झाल्यावर ते दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून यायचे आणि गॅरेजमध्ये डोकावून पलंग किती आलेत ते बघायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. आमची जात एकच होती.

एका कॉन्ट्रॅक्टरनं आठ हजार दिरहम सांगितले. "म्हणजे एक लाखाच्या वर," मी मोठ्यानं म्हणाले, आणि तो माणूस निघून गेला. मग नवरा म्हणाला की तो स्वतःच करेल. अठरा वर्षं कागदावर आख्ख्या हॉस्पिटलांचं वायरिंग केलंय, एका खोलीचं काय अवघड आहे? मी त्याला घरातला बल्ब बदलतानाही फारसं पाहिलेलं नव्हतं. पण दुपारी तीनपासून तो हॉलमध्ये बसून एकच पेपर तीनदा वाचायचा, ते मला पाहवत नव्हतं. कर म्हणाले.

आणि सुरुवातीला त्यानं केलं हो. शनिवारी आम्ही सनाइयात जायचो, म्हणजे गावाबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, आणि जिप्समचे बोर्ड गाडीच्या टपावर बांधून आणायचो. दुकानदार बारा मिलीमीटरचा बोर्ड म्हणाला की मी पर्समधून मुलीची पट्टी काढून जाडी मोजायचे. मुलगी गाडीतच बसून राहायची. "आई, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग," म्हणायची. लुकू देत, मी म्हणायचे. दुकानदारानं नंतर नंतर मी दिसले की पट्टी स्वतःच पुढे करायला सुरुवात केली.

भिंतीला आधी पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा उभा राहिला. त्याच्या पोकळीत उन्हाळा बाहेर थोपवायला रॉकवूल भरलं, ज्यानं आमचे हात दोन दिवस खाजत होते. पोकळीतूनच पाइप आणि पाइपातून वायरी. वायरिंग सगळं त्यानं एकट्यानं केलं, मला हात लावू दिला नाही. मग बोर्ड. बोर्ड कापायचा म्हणजे सुरीनं कागदावर एक रेघ मारायची आणि गुडघ्यावर ठेवून कट्कन मोडायचा. ते काम मला फार आवडलं. छताचे बोर्ड मी डोक्यावर धरून उभी राहायचे आणि तो खालून स्क्रू मारायचा. पांढरा भुगा दोघांच्या केसांत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि आम्ही इतका वेळ शेजारी उभे राहून काही केलं त्याला बरीच वर्षं झाली होती. मी खूश होते, हे मी त्याला सांगितलं नाही, पण होते.

जानेवारीच्या शेवटी तो चुलतभावाच्या लग्नाला सहा दिवस पुण्याला गेला. सगळ्यांची तिकिटं परवडणारी नव्हती. जाताना मी त्याला दोन कामं सांगितली. आईच्या वॉकरची रुंदी मोजून आण, म्हणजे दार तेवढं ठेवता येईल. आणि तिथं खरं काय चाललंय ते बघून ये. तो वॉकरची रुंदी एका चिठ्ठीवर लिहून घेऊन आला. तिथं काय चाललंय या प्रश्नावर म्हणाला, सगळं ठीक आहे. वहिनी काय म्हणाली? तर म्हणाला, पोहे छान केले होते.

आणि त्या दिवसापासून काम मंदावलं.

हे मला कळायला आठवडाही लागला नाही. बोर्डांच्या सांध्यांवर पट्टी चिकटवून फिलर भरायचा होता. एका भिंतीला तीन आठवडे. वाळू दे नीट, म्हणायचा. अल ऐनमध्ये टॉवेल वाळायला पंधरा मिनिटं लागतात. मग पॉलिशपेपर घासणं. घासलेलं त्याला पसंत पडेना, पुन्हा फिलर. दार मागवलं, आलं, रंग आवडला नाही म्हणून परत पाठवलं. नवरा तिन्हीत्रिकाळ एकाच रंगाचे शर्ट घालणारा माणूस. मी विचारलं की कधी होणार, तर म्हणायचा, होईल इन्शाल्ला. हे इन्शाल्ला तो ऑफिसात काम लांबवताना जसं वापरायचा तसंच मला ऐकवत होता, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते.

मी तारखा जुळवून पाहिल्या. पुण्याला जाईपर्यंत भराभर काम, आल्यापासून चालढकल. मधे काय घडलं? वहिनी घडली. तिनं याचे कान भरले. म्हातारीला सांभाळणं किती अवघड आहे, डायपर, रात्रीची उठबस, हे सगळं हसत हसत पोह्यांबरोबर वाढलं असणार आणि हा घाबरून आला असणार. याला आता माझी आई नकोय आणि तोंडानं सांगायची हिंमत नाही. तिकडे आई जखडलेली आणि इकडे माझाच नवरा भिंत घासत बसलेला. मला रात्री झोपताना त्याच्या पाठीकडे बघूनसुद्धा राग यायचा.

एप्रिलच्या एका शुक्रवारी तो मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला आणि मी गॅरेजमध्ये गेले. सॉकेट सगळे बसलेले होते. खोली राहण्याजोगी होती, फक्त रंग बाकी. आज दिवे-पंखे चालू करून ठेवायचे, म्हणजे याची सबब संपली, असा माझा विचार. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर त्यानं त्याच्या सुंदर अक्षरात गॅरेज अशी चिठ्ठी लावलेला ब्रेकर होता. तो मी वर केला. शेजारचा तसाही चालूच होता. टेबलफॅन आणला, जिथं आईचा पलंग येणार होता तिथल्या सॉकेटला लावला आणि बटण दाबलं.

पंखा असा सुटला की तो जागचा सरकायला लागला. एवढा आवाज मी कुठल्याच पंख्याचा ऐकलेला नव्हता. मग वास, मग मागच्या जाळीतून धूर, मग फट्ट असा आवाज. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. परत येऊन बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले.

नवरा आल्यावर त्यानं मीटर लावून पाहिलं. सॉकेटमध्ये दोनशे चाळीस व्होल्ट असायला हवे होते, होते चारशेच्या वर. त्यानं सुरी घेतली आणि तीन आठवडे घासलेल्या त्या भिंतीत चौकोन कापला. आतला जोड बाहेर काढला. मग त्यानंच मला समजावलं. घरातलं जुनं वायरिंग आपल्याकडच्या पद्धतीचं होतं. लाल, पिवळी, निळी या तिन्ही करंटच्या वायरी आणि काळी न्यूट्रल. पुण्यात कॉलेजात तो हेच शिकला, वर्षानुवर्षं हेच काढत आला. आता बाजारात नव्या पद्धतीची वायर आली होती, तिच्यात करंटची तपकिरी आणि न्यूट्रल निळी. हे नवे रंग त्यानं स्वतः दोन वर्षं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिले होते. आणि हातात पक्कड आल्यावर त्यानं तपकिरी लालला जोडली आणि निळी निळीला. निळीला निळी. दोन्हीकडून करंट, एक गॅरेजच्या ब्रेकरमधून आणि दुसरा शेजारच्या.

तो जमिनीवर बसला होता. म्हणाला, "बरं झालं, आई आल्या नव्हत्या."

त्याला काय म्हणायचं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मला त्यातलं फक्त पहिलं 'बरं झालं' ऐकू आलं.

"तुला माझी आई या घरात नकोय," मी म्हणाले. "फेब्रुवारीपासून बघते आहे मी. सरळ सांग ना एकदा."

"मला हव्यात की नकोत, हा प्रश्नच नाहीये."

"मग कुणाचा प्रश्न आहे?"

तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं पक्कड उचलली आणि म्हणाला की आधी हे नीट करू दे. क्लेममधला एक कागद कमी असला की मला जसं लगेच जाणवतं तसं तेव्हा जाणवलं. पण त्याचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मी पहिल्यांदाच तो कागद मागितला नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यानं साइटवरचा एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणला, पेशावरकडचा पठाण. त्यानं एकेक जोड उघडून तपासला, तीन ठिकाणी बदलला आणि जेवताना नवऱ्याला म्हणाला, "साहब, ड्रॉइंग आप बनाओ, तार हमको दे दो." नवरा हसला नाही. अठरा वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती आणि ऑफिसात रोज एक टेबल रिकामं होत होतं. रात्री तो उठून गॅरेजच्या दाराशी उभा राहायचा, ते मी जिन्यावरून पाहिलं.

मग माझ्या डोक्यात सगळं जुळलं. याला आईचं काही नव्हतं. याला स्वतःच्याच वायरिंगची धास्ती होती, आत कुठेतरी माहीत होतं की चुकलंय, म्हणून तो भिंत घासत दिवस काढत होता. आणि मी त्याला काय काय बोलले. मला लाज वाटली. मी त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं आणि ताटावर बसल्यावर सांगितलं की माझं चुकलं, मी फार वाईट विचार केला. तो म्हणाला, "असू दे गं." आणि खाली बघून जेवत राहिला. मी ती फाइल बंद केली. लग्नात पहिल्यांदाच, एकही आक्षेप न घेता.

मेच्या मध्यापर्यंत खोली झाली. पांढरा रंग, भिंतीत एसी, वॉकर जाईल एवढं दार, बाथरूमला धरायला दांड्या. घरमालक आले, एकच पलंग पाहून "माशाल्ला" म्हणाले आणि पहिल्यांदाच चहा प्यायला थांबले. मी व्हिसाचे कागद काढले. आईला ही बातमी द्यायला मी मुद्दाम मंगळवार निवडला, दुपारची वेळ, कारण तेव्हा वहिनी बाहेर जाते हे मला ठाऊक होतं. माझ्या आईशी मला एकदा तरी मोकळं बोलायचं होतं.

फोन बराच वेळ वाजला. आईनंच उचलला. मी विचारलं, वहिनी आहे का? आई म्हणाली, माझी औषधं आणायला गेलीये, तासभर लागेल. मी म्हणाले, मग आता सांग सगळं, कुणी ऐकत नाहीये.

"बरं झालं तूच विषय काढलास," आई म्हणाली. "मधे बोलू नकोस. मला तिकडे नाही यायचं."

मी फोन घेऊन हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आले.

"जावईबापूंना मी तेव्हाच सांगितलं होतं, ते लग्नाला आले तेव्हा. म्हटलं, तुम्ही सावकाश करा खोली. तिला राग येईल, पण तो तुमच्यावर येईल, तुम्ही सोसाल. माझ्यावर आला तर मला नाही सोसायचा. बिचारे हो म्हणाले. किती महिने केलं गं त्यांनी."

मी म्हणाले की खोली झालीये आई, दांड्यासुद्धा लावल्यात.

"अगं, आंघोळ ती घालते मला. पहिले चार दिवस मी रडले. पाचव्या दिवशी तीच रडायला लागली. मग आमचं जमलं. आता पुन्हा नव्यानं कुणासमोर उघडं व्हायचं बळ नाही माझ्यात."

"मी कुणी परकी आहे का? मी मुलगी आहे तुझी."

"म्हणूनच," आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तू मधे विचारलं होतंस ना, ती तिथं उभी आहे का. असते गं. तीच फोन धरून उभी असते माझ्या कानाला. हात थरथरतो माझा, रिसीव्हर पडतो. आज रिसीव्हर उशीवर टेकवून बोलतेय."

मी भिंतीला टेकून उभी होते. माणसं येत-जात होती. मला इतकंच विचारता आलं की हे मला का नाही सांगितलंस, नवऱ्याला सांगितलंस, मला का नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वहिनीनं शिकवलं."

मी लगेच म्हणाले की नाही आई, असं मी मुळीच म्हणाले नसते. अगदी ठासून म्हणाले. आई बरं म्हणाली. पण खरं सांगते, तिनं 'मला नाही यायचं' म्हटल्याबरोबर माझ्या मनात पहिलं वाक्य तेच आलं होतं.